स्टिअरिंगचा रंग वाळेना

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या भवानी पेठेतल्या घराच्या पडवीत एक स्टिअरिंग टांगलेलं असायचं. पडवीच्या तुळईला पाळण्यासाठी मारलेला हूक होता. घरात अजून पाळणा हलायचा होता, म्हणून हूक रिकामाच होता. त्यात तार अडकवून ते चाक लोंबत ठेवलेलं. चुलीपासून उठून बाहेर यायचं तर मला त्याच्याखालून वाकून जावं लागे. विसरले की कपाळाला काळा पट्टा उमटे आणि तो रॉकेलच्या बोळ्याशिवाय निघत नसे.

ते स्टिअरिंग लष्कराच्या एका जुन्या ट्रकचं. माझ्या थोरल्या दिरांनी तो ट्रक सरकारी लिलावातून आणला होता. ट्रक म्हणजे नुसता सांगाडाच. सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात तो उभा होता. पाठीमागच्या फळ्या काढून तिथं पाण्याची टाकी बसवायची, हिरवा रंग खरवडून निळा द्यायचा आणि अक्कलकोटच्या बाजूच्या गावांना पाणी पोचवायचं, असा दिरांचा बेत होता. पावसानं ओळीनं दगा दिला होता. तिकडच्या विहिरींचे तळ दिसत होते. बायका विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरतात, असं ऐकायला येत होतं.

त्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. आपल्याकडचा ड्रायव्हर अशा गाडीत बसला की गांगरतो. पुढच्या गाडीच्या पलीकडून काय येतंय ते दिसत नाही, आणि गाडी मागं घेताना उजवा कोपरा तर पूर्ण आंधळा. दिरांच्या माहितीत अशी गाडी चालवलेला एकच माणूस होता, त्यांचा धाकटा भाऊ. म्हणजे हे.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय मला तेव्हा नव्हती आणि आता या वयात ती लागायची नाही, म्हणून इथंही ‘हे’च म्हणते. लष्करात हे ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं वाळवंटाकडं गेली. परत आले ते बोलणं कमी करूनच. टॉवेलच्या एका कारखान्यात गोदामावर लागले. आल्यापासून कुठल्याही गाडीच्या चाकाला हात लावला नाही. सायकलसुद्धा नाही. भवानी पेठेपासून कारखान्यापर्यंत चालत जात, चालत येत. कुणी विचारलंच तर सांगायचे, वाळूनं डोळे गेले. सगळ्यांनी ते खरं मानलं. मी कसं मानणार? संध्याकाळच्या उजेडात सुईत दोरा ओवून मला देणारे हेच होते. पण ‘डोळे तर चांगले हायत की’ असं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं तर काय बाहेर येईल, याचीच भीती जास्त वाटे.

म्हणून दिरांनी ट्रकचा विषय काढला तेव्हा मला वाटलं, हे नाहीच म्हणतील. पण दादापुढं नाही म्हणायची ह्यांना सवय नव्हती. हे गॅरेजात गेले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि स्टिअरिंगपाशी थांबले. चाकावरचं काळं, कडक रबरासारखं आवरण जागोजाग तडकलं होतं. आतली सळई गंजून वर आली होती. नुसतं धरलं तरी तळहात कापला असता. गॅरेजवाला म्हणाला, आमचा पेंटर करून टाकील. त्यावर हे म्हणाले, हे काम मी करतो. दिरांना फार बरं वाटलं. भाऊ आपण होऊन काहीतरी करतो म्हणाला, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. चाक काढून पोत्यात घातलं आणि खांद्यावर टाकून हे चालत घरी घेऊन आले.

पहिले काही दिवस मीही खूष होते. कारखान्यातून आले की हात-पाय धुऊन हे पडवीत बसत. मांडीवर पोतं, पोत्यावर चाक. ब्लेडनं जुनं आवरण खरवडायचं, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून गंज घासायचा. घासता घासता एकाखाली एक रंग निघत. काळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली वाळूसारखा पिवळट. तो पिवळा लागला तेव्हा ह्यांचा हात थांबला. बराच वेळ हे त्या रंगाकडं बघत बसले. मी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

मग तड्यांमध्ये लांबी भरली. पेंटर लोक भिंतीतली भोकं बुजवतात तसला तो लगदा. तो वाळवायचा, घासून सारखा करायचा, मग अस्तराचा हात द्यायचा आणि त्यावर काळा रंग. काम तसं आठवड्याभराचंही नव्हतं. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग. दिवसभर सुताची बारीक कुसळं उडायची. ती पाण्याच्या घागरीवर बसत, भाकरीवर बसत, तर ओल्या रंगावर का बसणार नाहीत? पहिल्या खेपेला रंग वाळला तेव्हा त्यावर लव आल्यासारखी दिसत होती. ह्यांनी तो सगळा रंग खरवडून काढला. मला ते पटलं. दुसऱ्या खेपेला एका बाजूला ओघळ आला. पुन्हा खरवडला. तेही पटलं. त्यानंतर मात्र मला पटेनासं झालं.

एक दिवस दुपारी मी चाकाला हात लावून पाहिला. रंग चांगला कडक वाळला होता. काचेसारखा चमकत होता. कुसळ नाही, ओघळ नाही. मनाशी म्हटलं, सुटलो एकदाचे. संध्याकाळी हे आले. चाकावरून नख फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

“हितं तडा हाय,” म्हणाले.

मी वाकून बघितलं. उजेडाकडं धरून बघितलं. तडा नव्हता. पण मी काही म्हणायच्या आत ह्यांनी ब्लेड लावलं होतं. 

त्या दिवसापासून मला त्या चाकाची भीती वाटायला लागली. दुपारी घरात मी एकटी असे. मागांचा खडखडाट चालू असला तर ठीक, पण वीज गेली की गल्ली एकदम गप्प होई आणि पडवीत ते चाक तारेवर हळूहळू फिरताना दिसे. वाऱ्यानं फिरायचं, मला कळत होतं. पण थोडं डावीकडं, मग थांबून थोडं उजवीकडं, कुणीतरी नीट बघून वळवल्यासारखं. मी धुणं तसंच टाकून शेजारच्या तेलुगू बाईंकडं जाऊन बसे. त्या विड्या वळायच्या. त्यांना मी एवढंच सांगितलं की ह्यांना रंग पसंतच पडत नाही. त्यांनी विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता आमच्या पडवीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, लढाईतली वस्तू घरात आणू नये, कुणीतरी सोबत येतं. त्यांनी दिलेलं लिंबू मी पदराखालून आणलं आणि चाकाच्या तारेला बांधलं. संध्याकाळी ह्यांनी ते पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. हे रागावले नाहीत, लिंबू सोडलंही नाही. ते मला जास्त भयंकर वाटलं.

तिकडं ट्रक तयार होत आला होता. टाकी बसली, टायर आले, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होऊ लागलं. निळा रंगसुद्धा झाला. राहिलं होतं फक्त स्टिअरिंग. दीर दर दोन दिवसांनी चौकशीला येत. हे म्हणत, रंग वाळंना. त्या उन्हात! अंगणात टाकलेली मिरची अर्ध्या दिवसात कुरकुरीत होत होती, आणि ह्यांचा रंग वाळत नव्हता.

शेवटी एका रविवारी दुपारी दीर आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. माझ्यासमोर धाकट्या भावाला ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. ज्या गावाला आमचं पाणी जायचं होतं, तिथं एक पोरसवदा बाई विहिरीत उतरताना पडली होती. कंबर मोडली होती. दीर म्हणाले, “उद्या मी चाक पेंटरकडं देतो आन् दुसरा ड्रायव्हर बघतो. तुझं तू गोदाम सांभाळ.” आणि पाणीही न घेता गेले.

मागांना सुट्टी होती. गल्ली शांत होती. हे चाक मांडीवर घेऊन बसलेले. मी भिंतीला टेकून बसले. मग मी विचारलं. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून एवढंच आलं, “तुमाला ह्ये चाक पुरं करायचंच न्हाय न्हवं?”

हे म्हणाले, “न्हाय.”

मग ह्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, चाकावर बोटं फिरवत सांगितलं.

ती लढाई नव्हती. सराव होता. वाळवंटात तळ पडला होता आणि अंधार पडायच्या सुमाराला गाड्या ओळीत लावायच्या होत्या, दिवे न लावता. ह्यांच्याकडं असाच ट्रक, डाव्या हाताचा. ह्यांचा एक जोडीदार होता, कऱ्हाडकडचा. दोघं बरोबरच भरती झालेले. तो खाली उतरून मागं उभा राहिला आणि हाका देऊ लागला, येऊ दे, येऊ दे. त्याच्या आवाजावर हे गाडी मागं घेत होते. मागं दुसरा ट्रक उभा होता. जोडीदार दोन्हींच्या मधे, उजव्या अंगाला होता. ह्यांना तो दिसतच नव्हता.

“येऊ दे, येऊ दे म्हनत हुता,” हे म्हणाले. “मग म्हनायचा थांबला. मला वाटलं, बास झालं आसंल. मी ब्रेक दाबला. पन त्येच्या आदीच झालं हुतं.”

चौकशी झाली. ह्यांची चूक नाही असं ठरलं. वाळूत त्याचा पाय घसरला असावा, असं सगळे म्हणाले. ह्यांना पुन्हा गाडीवर बसवायचा प्रयत्न झाला. पण ह्यांनी स्टिअरिंग धरलं की हाताला घाम सुटून पकड सुटायची. मुदत संपेपर्यंत कोठारावर काम केलं आणि घरी आले. त्या माणसाच्या गावी जायचं ह्यांच्यानं कधी झालं नाही.

ह्यांच्या हाताकडं बघायचा धीर होईना, आणि न बघावं तर ह्यांना काय वाटेल, म्हणून बघत राहिले. मग मी म्हणाले, “नका चालवू. मी सांगते भावजींस्नी. काय बी कारन सांगते.”

“सांगून काय हुनार? दादा दुसरा आनील. त्येला डाव्या हाताची गाडी म्हाईत न्हाय. तितं इहिरीपाशी बाया-पोरं गोळा हुत्यात. मागं घ्यायला लागती गाडी. पुन्ना कुनीतरी मागं ऱ्हाईल.”

म्हणजे गाडी चालवायची भीती आणि दुसऱ्यानं चालवली तर त्याचीही भीती. त्या दोन्हींच्या मधे हे इतके दिवस रंग लावत आणि खरवडत बसले होते.

त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी रंगाचा डबा उघडला, ढवळला, ब्रश बुडवला. ब्रश चाकाला लागेना. थेंब पोत्यावर पडत राहिले. मग ब्रश माझ्या हातात दिला. मी जन्मात फक्त दाराला आणि तुळशीच्या कट्ट्याला रंग दिला होता. हे सांगत होते, पातळ घे, एकाच अंगानं जा, मागं फिरवू नको. मी तसं करत होते. एकेक पट्टा चढत होता तसं वाटत होतं, मीच ह्यांना त्या गाडीत बसवते आहे. चाक पुरं झालं. कुसळ बसू नये म्हणून त्यावर मी माझं जुनं पातळ तंबूसारखं धरलं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी पदर ताणून उगाचच बराच वेळ उभे राहिलो.

रंग मुरायला आणखी तीन-चार दिवस हवे होते. पण दीर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले आणि ह्यांनी स्वतःच चाक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, गाडी मीच चालवतो. दिरांनी एकदा चाकाकडं, एकदा ह्यांच्याकडं पाहिलं. दुपारपर्यंत गॅरेजात ते बसलंसुद्धा.

लगेच पुढच्या दिवशी पहिली खेप होती, त्या सकाळी मीही निघाले. आदल्या दिवशीच ह्यांना सांगितलं होतं आणि ह्यांनी हो-नाही काही केलं नव्हतं. गॅरेजात दीर म्हणाले, हे बायामाणसाचं काम नाही, लोक काय म्हणतील. मी तोवर त्यांच्याशी कधी वर तोंड करून बोलले नव्हते. खाली बघत म्हणाले, “भावजी, मागं हुबं ऱ्हायला मानूस लागतं की. मी ऱ्हाते.”

हे चमकून माझ्याकडं बघत होते. ती नजर मला अजून आठवते. दीर काही समजले नाहीत, पण बाजूला झाले.

ट्रकमध्ये चढायची पायरी माझ्या मांडीइतकी उंच होती. पातळ सावरत कशीबशी चढले. मी बसले उजव्या बाजूला, जिथं इतर गाड्यांत ड्रायव्हर बसतो, आणि माझ्यापुढं काहीच नव्हतं, नुसती काच. अक्कलकोट रस्त्याला लागलो. समोरून येणारा प्रत्येक ट्रक नेमका माझ्या अंगावर येत होता. मी पदराचं टोक दातात धरलं होतं. पुढं बैलगाडी आली की हे विचारत, “मोकळं हाय का?” आणि मला रस्त्याकडं बघून सांगावं लागे, हाय किंवा न्हाय. मी ‘हाय’ म्हणायचे आणि लगेच वाटायचं, नीट बघितलं का आपण? एवढंच आमचं बोलणं. शहराबाहेरच्या एका विहिरीवर पाणी खेचायचं इंजिन लावून टाकी भरून घेतली. भरल्या टाकीनं गाडी जड झाली. वळणावर आतलं पाणी एका अंगाला जाई आणि सगळा ट्रक कलल्यासारखा होई. ह्यांच्या कानामागून घाम गळत होता. हाताची पकड एवढी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली.

गावाच्या अलीकडंच पोरं दिसली. “नीर बंतू, नीर बंतू” ओरडत ती गाडीबरोबर पळायला लागली. त्या भागात कानडी बोलतात. पाणी आलं, एवढं मलाही कळलं. ह्यांनी गाडी इतकी हळू केली की पोरं पुढं जाऊन परत येत होती.

विहीर गावाच्या टोकाला, एका चिंचोळ्या बोळाच्या शेवटी होती. टाकीचा नळ मागच्या बाजूला, म्हणजे गाडी उलटी घेऊनच जायला हवी. पाणी विहिरीत सोडायचं आणि लोकांनी ते शेंदायचं. बोळाच्या दोन्ही बाजूंना घागरी-कळशा मांडलेल्या आणि प्रत्येक घागरीमागं एक बाई. हे खाली उतरले. गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, चाकांखाली वाकून पाहिलं, विहिरीचा काठ पाहून आले. मग माझ्यापाशी आले.

“डाव्या अंगाला हुबी ऱ्हा. आरशात दिसत ऱ्हा. तू दिसली न्हाईस की मी थांबनार.”

मी डाव्या बाजूला, मागच्या चाकापासून हातभर लांब उभी राहिले. आरशात मला ह्यांचे डोळे दिसत होते. इंजिन सुरू झालं आणि तो निळा डोंगर माझ्या दिशेनं सरकायला लागला. मी म्हणाले, “येऊ द्या, येऊ द्या.” शब्द तोंडातून गेले आणि मग ध्यानात आलं. हेच शब्द त्याचेही होते. पण दुसरे कुठले शब्द असतात ते मला माहीत नव्हते.

गाडी अर्ध्या बोळात आली आणि पलीकडच्या बाजूनं गलका झाला. पहिलं पाणी आपल्याला मिळावं म्हणून उजव्या बाजूच्या बायका घागरी घेऊन गाडीच्या मागं घुसल्या होत्या. ह्यांना तो कोपरा दिसत नव्हता. मला ओरडायला हवं होतं, थांबा म्हणून. ते सुचलं नाही. मी पळाले. गाडीच्या मागून, सरकत्या गाडीच्या आणि विहिरीच्या मधून, पलीकडं. दोन्ही हातांनी मी त्या बायकांना मागं ढकलत होते. त्यांना मराठी कळत नव्हती, मला कानडी येत नव्हती. कुणाची तरी घागर पायावर पडली. तेवढ्यात गाडीला गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मला वाटलं, आता हे उतरतील, ओरडतील. कुणीच उतरलं नाही. मी बोळाच्या भिंतीला घासत पुढं गेले, इंजिनाला वळसा घालून ह्यांच्या दाराशी आले. हे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पायरीवर चढले तेव्हा शब्द ऐकू आले.

“कुटं हाय? कुटं हाय?”

आरशातून मी नाहीशी झाले होते, गाडीच्या मागच्या बाजूला. ह्यांनी काय पाहिलं असेल ते मला तेव्हा कळलं. मी ह्यांच्या मनगटावर हात ठेवला. मनगट थंडगार होतं, त्या उन्हात.

“मी हितं हाय. काय बी झालं न्हाय. बगा की माज्याकडं.”

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं, पुन्हा तोंडाकडं. एवढ्यात एक म्हातारा धनगर पुढं आला. खांद्यावर घोंगडं, हातात लांब काठी. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. झालं काय ते त्याला कळलं नसणार, पण माणूस घाबरलाय एवढं दिसत होतं. तो मला म्हणाला, “बाई, तुमी तुमचं सांगा त्येस्नी. ह्या बायास्नी म्या धरतो.” आणि त्यानं बोळात काठी आडवी धरली, मेंढरं अडवतात तशी, आणि “हिंदक सरी, हिंदक सरी” करत सगळ्यांना पार मागं नेलं.

मी ह्यांना विचारलं, आणखी घ्यायची का गाडी, की इथूनच सोडायचं पाणी? हे म्हणाले, इथून पोचणार नाही. मग म्हणाले, “तू गप हू नको. दिसली न्हाईस तरी चालंल. गप हू नको.”

मी पुन्हा मागं जाऊन उभी राहिले. या खेपेला मी थांबलेच नाही. येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं, येऊ द्या. एकच शब्द सारखा म्हटला तर त्याचा आवाज कानाला कळेनासा होईल असं वाटलं, म्हणून मग जे सुचेल ते मोठ्यांदा बोलत सुटले. आज घरी गेल्यावर आंबील करू. शेजारच्या बाईंचं पाखडायचं सूप परत द्यायचं राहिलंय. पडवीतला हूक आता मोकळा झाला, त्याला शिंकं बांधू. येऊ द्या, अजून हातभर येऊ द्या. माझा घसा फाटला होता, पदर खाली पडला होता आणि काठीपलीकडच्या बाया माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू देत. माझे डोळे एकदा मागच्या चाकावर, एकदा विहिरीच्या काठावर आणि एकदा स्वतःच्या पायांवर होते. “बास!” म्हणाले तेव्हा चाक काठापासून चांगलं दोन हात अलीकडं होतं. गाडी थांबली. म्हाताऱ्यानं चाकांखाली दगड लावले. नळ उघडला आणि पाण्याचा लोट खाली कोरड्या खडकावर आपटला. त्या आवाजानं सगळं गाव पुढं सरकलं.

मी ह्यांना शोधायला गेले. हे गाडीच्या पुढं, सावलीला मातीत बसले होते आणि तळहात बघत होते. दोन्ही तळहात काळे झाले होते. रंग पुरता मुरला नव्हता, त्यात ऊन आणि घाम. नंतर केबिनमध्ये चढले तेव्हा पाहिलं, चाकावर दोन्ही बाजूंना बोटांचे खोल ठसे उठले होते. एवढ्या दिवसांची मेहनत एका फेरीत गेली. तो रंग पुन्हा कुणी दिला नाही.

परतीच्या वाटेवर एकदा गाडी बाजूला घेऊन हे उतरले आणि ओकले. मी पाठीवर हात फिरवला. मग चूळ भरून पुन्हा बसले.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. पाऊस येईपर्यंत हे त्या गावांना पाणी नेत राहिले. सुरुवातीच्या खेपांना मी असायचे, पुढं त्याच गावचा एक गडी दिरांनी मदतीला घेतला. ह्यांनी त्याला पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर बोलत राहायला. प्रत्येक खेपेच्या सकाळी ह्यांना जेवण जात नसे. मी दारात उभी राहून गाडीचा आवाज परत येईपर्यंत कामाला हात लावू शकत नसे. पाऊस झाला आणि दिरांनी ट्रक विकला तेव्हा इतकं हलकं वाटलं, की ते दिसू नये म्हणून आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवाळीनंतर हे एक दिवस म्हणाले, कऱ्हाडला जाऊन येऊ. एसटीनं गेलो. सबंध रस्ता हे खिडकीची दांडी धरून बसले होते. जोडीदाराचं घर विचारत विचारत सापडलं. घरात त्याची आई एकटीच होती. ह्यांनी दारातच सांगितलं, मी कोण आणि गाडी कोण चालवत होतं. मला वाटलं, आता ही बाई किंचाळेल, हाकलून देईल. मी ह्यांच्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं. त्या माउलीनं आम्हाला आत बोलावलं, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मग तिनं एकच विचारलं.

“त्या दिवशी जेवला हुता का त्यो?”

हे लगेच म्हणाले, “व्हय. माज्यासंगंच जेवला. पोटभर जेवला.”

तिनं मान हलवली आणि चुलीकडं वळली. आम्हाला जेवू घातल्याशिवाय तिनं सोडलं नाही.

परत येताना एसटीत गर्दी होती. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. बऱ्याच वेळानं हे माझ्याकडं झुकून हळू आवाजात म्हणाले, त्या दिवशी जेवण सरावानंतर होतं. कुणीच जेवलं नव्हतं.

पिशवीत त्या माउलीनं बांधून दिलेल्या भाकरी होत्या, त्या सोडून ह्यांच्या मांडीवर ठेवल्या.